भर दुपारी वाचणारे सर

वहाब सर गेल्याचं त्यांच्या मुलीनं, शाहीननं, फोनवर सांगितलं. "अब्बा गेले, मावशी. झोपेतच," एवढंच ती बोलली. मी गॅस बंद केला आणि तिथंच बसले... डोळ्यांसमोर सौदीतल्या दम्माममधली आमची खोली आली, खिडक्यांना चिकटपट्ट्या लावलेली.

आखाती युद्ध पेटलं तेव्हा माझे यजमान तिथं बँकेत होते. सर आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे. मूळचे रत्नागिरीकडचे, भारतीय शाळेत इंग्रजीचे शिक्षक. बायकोला आणि लहानग्या शाहीनला त्यांनी आधीच गावी धाडलं होतं. शाळा बंद पडल्यावर ते रोज आमच्याकडे येऊन माझ्या मुलांना शिकवू लागले. शिकवायचे काय, तर त्यांचा लाडका कवी! काही शतकांपूर्वीचा इंग्रज, ऐन उमेदीत आंधळा झालेला, राज्य पालटल्यावर जीव मुठीत धरून लपलेला. आदम आणि हव्वेला स्वर्गातल्या बागेतून कसं हाकललं, याचं महाकाव्य त्यानं आंधळेपणीच रचलं. रात्री सुचलेल्या ओळी सकाळी कुणी लिहून घेईपर्यंत तो मनात धरून ठेवायचा. या कवीचं चरित्र मराठीत लिहायचं, हा सरांचा ध्यास होता. "सर, वॉज ही स्केअर्ड?" माझ्या धाकट्यानं एकदा विचारलं. "घाबरायचा की. पण माणसांना, अंधाराला नाही," सर म्हणाले.

लढाई संपत आली तेव्हा कुवेतमधल्या तेलविहिरी जळत होत्या. एके दिवशी भर दुपारी, सर वाचून दाखवत असताना, खिडकीतला उजेड पिवळा पडला, मग तपकिरी, आणि बघता बघता विझला. वाऱ्यानं धूर आमच्यावर आणला होता. रस्त्यावर कुणीतरी मोठ्यानं कलमा म्हणू लागलं. मुलं मला बिलगली. मला माझा हात दिसेना... आणि त्या काळोखात सरांचा आवाज तसाच चालू होता. ना घाई, ना कंप. मध्येच पान उलटल्याचा आवाज आला आणि वाचन पुढं सुरू झालं.

"सर," मी कसंबसं म्हटलं, "तुम्ही वाचताय कसं?"

आवाज थांबला.

"का, ताई?" सरांनी हळूच विचारलं. "अंधार झालाय काय?"

मी उठून दिवा लावला तेव्हा ते माझ्याकडे पाहावं तसे पाहत होते, पण मी जिथून उठले होते त्या रिकाम्या खुर्चीकडे. चहा घेताना कपाच्या काठावर बोट का ठेवतात, जिन्यात भिंतीला हात का लावतात, सगळं त्या क्षणी उलगडलं. डोळे कधीचेच गेले होते; पुस्तक तोंडपाठ होतं. "शाळेला कळलं तर नोकरी आणि इथं राहायचा परवाना, इकामा, दोन्ही खलास," ते म्हणाले. "एवढं वर्ष निघू दे, ताई. मग मी आपणच जाईन." शाळा पुन्हा भरल्यावर मी संध्याकाळी त्यांना मुलांचे पेपर वाचून दाखवायची, ते गुण सांगायचे. वर्ष संपलं आणि सर खरंच गावी निघून गेले. पुढं शाहीन मोठी झाली तशी ती त्यांची लेखणी झाली. सर सांगायचे, ती लिहायची. कवीच्या अखेरच्या दिवसांचं प्रकरण तेवढं राहिलं आणि सर गेले.

परवा मी सरांच्या गावी जाऊन आले. रात्री त्यांच्याच घरी राहिले. सकाळी उठून पाहते, तर शाहीन सरांच्या रिकाम्या खाटेजवळ खाली बसून लिहीत होती. उन्हं ओसरीवर आली होती. मला वाटलं, जुनं काही उतरवत असेल, पण तिच्यासमोर कोरा कागद सोडून दुसरं काहीच नव्हतं. ती दोन ओळी लिहायची, थांबायची, मान किंचित खाटेकडे कलती करायची... मग पुन्हा लिहायची. मी दारातच थबकले. तिचं माझ्याकडं लक्ष नव्हतं.

एकदा तिचा हात अडला. कपाळाला आठी घालून तिनं वर पाहिलं.

"नीट कळलं नाही, अब्बा," ती म्हणाली. "परत सांगा."

ती थोडा वेळ थांबली. मग मान हलवून लिहू लागली.