रुसवे वजा

वेळ वाचवण्यात आमच्या मामांनी जेवढा वेळ घालवला, तेवढ्यात दुसऱ्या कुणी घोड नदीवर आणखी एक धरण बांधलं असतं.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा, मुक्काम शिरूर. कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाले आणि निरोपाच्या शालीची घडी मोडायच्या आत थोरल्या मुलीच्या कॉम्प्युटरवर त्यांना कॅल्क्युलेटरचं एक ॲप सापडलं. त्यात हवं ते गणित एकेका बटणाला कायमचं बांधून ठेवता येतं. झालं! गुंठ्यांचे चौरस फूट एका बटणावर, वाळूचे ब्रास दुसऱ्यावर. कुठलं बटण कशाचं हे मात्र ते विसरत, आणि मग शेजाऱ्याचा प्लॉट ब्रासमध्ये मोजला जाई. "कागदावर कवाच झालं आसतं," असं मामी म्हणाल्या की उत्तर ठरलेलं, "कागद आजच्यापुरता. हे कायमचं काम हाय."

पण मामांची खरी कीर्ती लग्नाच्या जेवणाची. पाबळपासून इनामगावपर्यंतचे आचारी त्यांच्याकडे येत. माणसांचा आकडा टाकायचा, बटण दाबायचं, की तांदूळ, बुंदी, वांगी सगळं हजर. निवडणूक जवळ आली की वेगळं बटण, कारण तेव्हा न बोलावलेले पुढारी कार्यकर्त्यांसह येऊन आशीर्वाद देतात आणि पंगत झोडूनच जातात. सगळ्यात गाजलेलं बटण 'र'चं, म्हणजे रुसवे वजा. पत्रिकेत कुणाचं नाव खाली गेलेलं असतं, कुणाला मानाचं उपरणं मिळालेलं नसतं. भावकीतलं एक तरी घर रुसतंच. "रुसणाऱ्याचा मान मोठा, पर त्यो जेवाय येत न्हाई," मामा सांगत. त्यांच्या हिशेबाने केलेल्या स्वयंपाकात भाताचं शीत उरत नसे.

मग थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. मामांचे मोठे भाऊ, दौंडचे आबा, मामांच्या वास्तुशांतीपासून रुसलेले होते. त्या दिवशी फेटा आधी सरपंचांना बांधला आणि आबांना मागून, एवढंच कारण. मामा स्वतः पत्रिका घेऊन दौंडला गेले. आबांनी चहा पाजला, पत्रिका देव्हाऱ्यापुढे ठेवली, पण येतो असं काही म्हणाले नाहीत.

आचारी घरी आला तेव्हा मी मामांच्या शेजारीच बसलो होतो. त्यांनी आकडा टाकला. बोट 'र'वर गेलं आणि तिथंच राहिलं.

"दाबा की मामा," मी म्हणालो.

"आन् आबा आलं तर? सगळं घर घेऊन आलं तर? थोरल्या भावाला भात संपला म्हनू व्हय?"

आणि ज्या बटणासाठी अख्खी दिवाळी खर्च केली होती, ते त्यांनी माझ्यासमोर काढून टाकलं.

आबा आले नाहीत. अक्षता पडेपर्यंत मामा आबांचा फेटा हातात धरून मांडवाच्या तोंडाशी उभे होते. भाताची पातेली तशीच राहिली.

'र' पुन्हा बसवायला मामा तयार नाहीत. त्यामुळे आता पंचक्रोशीतल्या प्रत्येक लग्नात अन्न उरतं. आचारी आपसात म्हणतात, "मामांचं मशीन बिघडलंय." तोंडावर कुणी बोलत नाही. आबांचा फेटा कॉम्प्युटरशेजारी घडी करून ठेवलेला आहे. त्यावरची धूळ झटकून मगच मामा गणिताला बसतात.

येत्या उन्हाळ्यात धाकटीचं लग्न आहे. त्या दिवशी तरी मामांच्या मांडवात भात कमी पडावा, असं मला मनापासून वाटतं.