उज्वलाताईंची निवांत खोली

कशिश मूळची कंधारची, नांदेडात लोकांचे फ्लॅट सजवून देते. उज्वलाताईंचा फ्लॅट भर रस्त्यावर होता. "घरात शिरलं की जीव निवला पाहिजे बघ," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. कशिशनं बैठकीची रस्त्याकडची खिडकी बुजवली, भिंतींना मातकट रंग दिला, जमिनीलगत गाद्या घातल्या आणि मंद दिवे लावले.

महिन्याभरानं ती सहज भेटायला गेली. ताई, त्यांचे मिस्टर सुदर्शन आणि सासूबाई गाद्यांवर टेकून बसले होते. "कसं वाटतंय?" कशिशनं विचारलं, पण तिचे ओठ नुसतेच हलले. स्वतःचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. सासूबाईंच्या हातातलं स्टीलचं ताट फरशीवर पडलं, तेही मुक्यानंच. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

कशिश घाबरून जिन्यात पळाली. तिथं हॉर्न ऐकू आले. ताई मागोमाग दाराबाहेर आल्या.

"ताई, ती खिडकी उघडून घेऊ."

"नको गं," ताई हळूच हसल्या, "आता आम्हाला बोलायची गरजच पडत न्हाई."

आणि त्या आत गेल्या.

खाली येऊन कशिशनं अम्मीला फोन लावला, काहीही बोलत राहा म्हणाली. अम्मी शेजारणीचं भांडण सांगत बसली. कशिश उन्हात उभी राहून ऐकत राहिली.