परक्या पाण्यातला नांगर

इंडोनेशियाच्या सागरी धोरणावर मी पीएच.डी. करायचं ठरवलं, तेव्हा परभणीत मला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "का?" आमच्या महाविद्यालयाच्या विभागप्रमुखांनी विचारला, वडिलांनी विचारला, प्रबंध टाइप करून देणाऱ्या दुकानदारानंही विचारला. समुद्र मी तोवर दोनदाच पाहिला होता, तोही सहलीत.

एम.ए.ला असताना मी वाचलं होतं की हजारो बेटांचा हा देश स्वतंत्र झाला, तेव्हा कायद्यानं प्रत्येक बेटाभोवतीच्या पाण्याचा एक अरुंद पट्टा तेवढा त्याचा होता. दोन बेटांच्या मधलं पाणी सगळ्या जगाला मोकळं. ज्यांनी त्यांच्यावर राज्य केलं त्यांच्याच लढाऊ जहाजांना त्या मधल्या पाण्यातून फिरता येई, आणि या लोकांनी काठावरून बघत राहायचं. मग एक दिवस त्यांनी जाहीर केलं की बेटांमधलं पाणीही आमचंच, आमचा देश त्या पाण्यानं जोडलेला आहे. मोठ्या राष्ट्रांनी ते मानलं नाही. पण पंचवीस वर्षं हे लोक प्रत्येक परिषदेत तेच मांडत राहिले आणि शेवटी जगाच्या समुद्री कायद्यात लिहून घेतलं. मायदेशासाठी त्यांच्या भाषेत जो शब्द आहे, त्याचा अर्थ होतो 'माती-पाणी'. कागद आणि चिकाटी यांच्या जोरावर एक गरीब देश एवढं मिळवू शकतो, याचं मला फार अप्रूप वाटलं होतं.

प्रबंधात सागरी सुरक्षेवर एक प्रकरण होतं. चोरून मासेमारी करणाऱ्या परदेशी बोटी धरायच्या, माणसं उतरवून त्या बुडवायच्या, परवानगीशिवाय थांबलेली जहाजं ताब्यात घ्यायची, हे सगळं मी त्यात मांडलं. शेवटी लिहिलं की धोरण कठोर आहे, पण उगवत्या सत्तेला ते राबवावंच लागतं. त्या बोटींवर कोण माणसं असतात, याचा विचार मी ते लिहिताना केला नव्हता. मौखिक परीक्षेत मला ते कुणी विचारलंही नाही.

पुढं बी.ए.च्या वर्गाला मी हे शिकवायला लागले. भिंतीवर नकाशा टांगायचा आणि मलाक्काची सामुद्रधुनी दाखवायची. बहुतेक मुलं खिडकीतून बाहेर बघत. झरीहून येणारा एक विद्यार्थी मात्र तास संपल्यावर नकाशाजवळ थांबायचा. त्याचे वडील एसटीत ड्रायव्हर होते, जिंतूर-परभणी मार्गावर. तो फारसं बोलायचा नाही. एकदा त्यानं विचारलं, "मॅडम, या पट्टीतून एवढी जहाजं जातात, तर त्यांवर काम करायला माणसं कुठली असतात?" मी म्हटलं, कुठलीही असतात, आपलीसुद्धा. बी.ए. झाल्यावर तो मुंबईला खलाशाचं प्रशिक्षण घ्यायला गेला. तीन वर्षांनी मला एक फोटो आला, राखाडी आभाळ आणि राखाडी पाणी. खाली लिहिलं होतं, "तुमी शिकवलेल्या सामुद्रधुनीतून आज गेलो." तो फोटो मी पुढच्या दोन वर्गांना अभिमानानं दाखवला.

त्याचे वडील मला पहिल्यांदा भेटले ते स्टाफरूमच्या दारात. निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, हातात प्लॅस्टिकची पिशवी. आत या म्हटलं तरी चपला बाहेर काढूनच आले. त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. मुलाचा संदेश होता: जहाज इथल्या आरमारानं धरलंय, काळजी करू नका, मॅडमना विचारा, त्यांना सगळं माहीत हाय.

मी हळूहळू प्रश्न विचारत गेले, तसं कळलं. जहाज सिंगापूरजवळ पुढच्या मालाची वाट बघत होतं. तिथल्या बंदराच्या हद्दीत थांबायला भाडं पडतं. म्हणून मालकाच्या सांगण्यावरून कप्तानानं काही मैल बाजूला सरकून, इंडोनेशियाच्या पाण्यात, न विचारता नांगर टाकला. हे माझ्या प्रबंधातलंच प्रकरण होतं. काय होणार तेही मला ठाऊक होतं. खटला कप्तानावर चालेल, बाकीच्यांवर गुन्हा नाही. पण जहाज रिकामं ठेवलं तर ते वाहून जाईल, म्हणून त्यावर ठरावीक माणसं ठेवावीच लागतात. मालकानं बदली माणसं पाठवली नाहीत, तर आहेत तीच अडकून राहतात. मी हे त्यांना शक्य तितकं सोपं करून सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मंजी कायद्यानं त्यो मोकळा हाय, पण निघू शकत न्हाई." मी म्हटलं, "होय."

त्या रविवारी मी झरीला गेले. त्याची आई अंगणात बाजेवर पडून होती. तिच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी परभणीला आणावं लागे. तिनं मला जवळ बसवलं आणि पोरानं काय केलं ते विचारलं. मी सांगितलं, जहाजाचा नांगर चुकीच्या जागी टाकला. पाण्यात नांगर म्हणजे काय, हे तिला कळेना. जहाज हलू नये म्हणून साखळीला बांधून तळाशी सोडतात त्या लोखंडालाही नांगरच म्हणतात, असं मी समजावलं.

"दुसऱ्याच्या वावरात नांगर घातला तर ज्याचं वावर हाय त्यो अडवणारच," ती म्हणाली. "पण माझं लेकरू तिथं सालगडी हाय. मालक कुठं हाय त्याचा?"

एवढी पुस्तकं वाचून जो प्रश्न मला पडला नव्हता, तो तिनं बाजेवर पडल्या पडल्या विचारला होता. मालक कुठं आहे हे शोधायला आम्हाला महिना लागला. जहाज एका देशात नोंदलेलं, कंपनी दुसऱ्या देशात, नोकरीला लावणारा एजंट मुंबईत, आणि त्याचा फोन बंद. मी आपल्या वकिलातीला लिहिलं, जहाजांचं खातं बघणाऱ्या कार्यालयाला लिहिलं, खलाशांच्या संघटनेला लिहिलं. त्याच्या वडिलांना मी आता काका म्हणत होते; ते दर सोमवारी पिशवी घेऊन येत. तीत पत्रांच्या प्रती तारखेप्रमाणे लावलेल्या असत. उत्तरं येत होती, नम्र होती, आणि प्रकरण न्यायालयात असल्याचं सांगत होती.

मग मला एका बाईंची आठवण झाली. प्रबंध लिहिताना त्या देशातल्या एका विद्यापीठातल्या प्राध्यापिकेशी माझा पत्रव्यवहार झाला होता. संकोच बाजूला ठेवून मी त्यांना लिहिलं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, आणि ते थोडं कडक होतं. त्यांचे चुलते त्याच पाण्यात जाळी टाकायचे. श्रीमंतांची जहाजं वर्षानुवर्षं तिथं फुकट थांबली, त्यांच्या नांगरांनी तळाचं प्रवाळ फोडलं, मासे गेले, आणि आम्ही तक्रार केली तेव्हा कुणी पत्र लिहिलं नाही, असं त्यांनी कळवलं. तुमच्या प्रबंधात हे तुम्ही नीट मांडलं होतं, असंही होतं. मला वाटलं, संपलं. पण खाली शेवटची ओळ होती: तुमच्या विद्यार्थ्याचं नाव आणि जहाजाचं नाव कळवा.

त्यांचा एक जुना विद्यार्थी जहाजाजवळच्याच एका बेटावर वकिली करत होता. पंधरा दिवसांत तो परवानगी काढून होडीतून जहाजावर गेला. पिण्याचं पाणी, भाजीपाला, तापाच्या गोळ्या आणि एक सिमकार्ड देऊन आला. त्यानंतर दर रविवारी अकराच्या सुमारास पोराचा फोन यायला लागला. आईशी तो जेवणाखाण्याचं बोले. मला खरं सांगे. जनरेटर दिवसातून दोन तास चालवतात, आंघोळ पावसाच्या पाण्यानं, एक जण स्वतःशीच बोलत बसतो.

पाचव्या महिन्यात, एका गुरुवारी सकाळी, त्याची आई दवाखान्यातच वारली. मी पोचले तेव्हा काका व्हरांड्यात बाकावर बसले होते. झरीला न्यायची गाडी सांगितली होती. नातेवाइकांचं म्हणणं पडलं की पोराला आत्ता कळवू नये, एकटा आहे, काही करून घेईल. काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, त्याला कळायला पाहिजे, आणि जाळायच्या आधी कळायला पाहिजे.

"मग तुमी सांगा," ते म्हणाले. "माझ्याच्यानं न्हाई व्हायचं."

दुपारी मी त्यांच्या घरामागं गोठ्याच्या सावलीत उभी राहून फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा त्यानं उचलला आणि आधी विचारलं, "मॅडम, केसचं काही झालं का?"

वर्गात मी कधी शब्दाला अडले नव्हते. तिथं अडले. मग सरळ सांगितलं, "आई गेली रे. आज सकाळी. त्रास नाही झाला फार."

पलीकडं फक्त वारा ऐकू येत होता. मी फोन ठेवला नाही. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "किती वाजता नेणार?"

"पाचला."

"मंजी इथं साडेसहा," तो म्हणाला. "दाखवाल का मला?"

पाच वाजता त्याच्या मामेभावानं मोबाइल धरला. चित्र अडकत होतं, पुन्हा येत होतं. तिकडं संध्याकाळ झाली होती. तो जहाजाच्या कठड्याला टेकून उभा होता आणि त्याच्यामागं बाकीचे खलाशी टोप्या काढून उभे होते. काकांनी अग्नी दिला तेव्हा त्यानं हात जोडले. मामेभावाचा हात भरून आला तशी मी फोन घेतला, आणि ज्वाला खाली बसेपर्यंत धरून राहिले. आम्ही बाया सहसा स्मशानात जात नाही. त्या दिवशी कुणी काही म्हणालं नाही.

नंतर त्यानं सांगितलं की त्याच्या फोनची बॅटरी त्या वेळी संपत आली होती. जहाजावर आरमाराचा एक पहारेकरी असे, त्याच्याच वयाचा. काय चाललंय हे कळल्यावर त्यानं आपला फोन दिला आणि पूर्ण वेळ बाजूला उभा राहून स्वतः धरला. भाषा एकमेकांना कळत नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यानं घरून आणलेला भात दिला.

निकाल सातव्या महिन्यात लागला. कप्तानाला दंड आणि थोडी कैद झाली. जहाज सुटलं, मालक एकदाचा उगवला, बदली माणसं आली. तो हैदराबादला उतरून रेल्वेनं परभणीला आला. स्टेशनवर काका आणि मी होतो. तो इतका वाळला होता की शर्ट खांद्यावरून ओघळत होता. काकांनी त्याला जवळ घेतलं नाही, फक्त बॅग हातातून घेतली. स्कूटरपर्यंत जाताना मात्र त्यांचा हात त्याच्या पाठीवर होता.

थोडी राख काकांनी त्याच्यासाठी राखून ठेवली होती, शेतातल्या लिंबाला बांधून. तीन दिवसांनी ती घेऊन आम्ही गंगाखेडला गेलो. गोदावरीला पाणी बऱ्यापैकी होतं. तो कमरेइतक्या पाण्यात गेला, राख सोडली आणि तसाच उभा राहिला. बाहेर आल्यावर घाटाच्या पायरीवर बसून कपडे पिळत होता, तेव्हा मी विचारलं की त्या देशाचा राग येतो का. कित्येक महिने मला हे विचारायचं होतं. खरं तर त्याला माझा राग येतो का, हे विचारायचं होतं.

"पाणी त्यांचं होतं, मॅडम," तो म्हणाला. "आमी न विचारता थांबलो. राग मालकाचा येतो, पण त्याचं तोंडच कधी दिसलं न्हाई. कुणावर काढू?"

काकांनी पिशवीतून कोरडा टॉवेल काढून त्याला दिला.

पाच महिने तो घरी होता. मला वाटलं होतं, आता इथंच काही करेल. पण तो पुन्हा जहाजावर निघाला. करार घेऊन माझ्याकडं आला, आम्ही दोघांनी तो दोन दिवस ओळ न् ओळ वाचला. काकांना मी विचारलं, तुम्ही जाऊ देताय? ते म्हणाले, त्याला दुसरं करमत न्हाई, मी बी असाच होतो.

मागच्या महिन्यात काका स्टाफरूममध्ये आले. जहाज कुठं आहे ते मोबाइलवर बघता येतं असं त्यांनी ऐकलं होतं. मी ते लावून दिलं. निळ्या पडद्यावर एक बारीक बाण होता, चहूकडं जमीन नाही. काकांनी चष्मा वर केला आणि खूप वेळ बघितलं.

"हे पाणी कुणाचं, मॅडम?"

"इथं कुणाचंच नाही, काका. खुला समुद्र आहे."

"मंजी अडवणारं कुणी न्हाई."

"नाही."

त्यांनी बोटानं पडदा थोडा सरकवला. "आणि काही झालं तर धावून येणारं?"

कायद्याप्रमाणं जवळून जाणाऱ्या कुठल्याही जहाजानं मदतीला यायचं असतं, हे मी त्यांना सांगितलं. कुठलं जहाज जवळ आहे, ते आम्ही दोघं मग शोधत बसलो.