चिंचेनं घासलेला बिल्ला

इंदापूरच्या गुरुजींनी माझा बिल्ला चारचौघांत उलटा केला, त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "शेठ, हा तर रवा आहे. शिरा करा याचा."

गुरुजी जुन्या लष्करी बिल्ल्यांचे जाणकार. त्यांच्या शाळेच्या हॉलमध्ये जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं, शे-दीडशे माणूस होतं, आणि सगळं हसलं. त्याला बरीच वर्षं झाली. अजूनही घरात कुणी शिरा वाढला की मी ताटली सरकवतो.

बिल्ला नकली होता, हे मला मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच, की बाजूला घेऊन सांगता आलं असतं.

मी मूळचा भंगारवाला. बारामतीच्या बाजारात हातगाडीपासून सुरुवात केली आणि तांब्या-पितळेच्या दुकानापर्यंत आलो, ते केवळ जिभेच्या जोरावर. माल कितीही चांगला असो, पहिल्यांदा त्याला नाव ठेवायचं, हा आमच्या धंद्याचा रिवाज. घागरीला पोचा नसेल तर वजनाला हलकी म्हणायचं, वजनाला भारी असेल तर पितळ भेसळीचं म्हणायचं. समोरचा चिडला की आपणही चिडायचं. मला त्यासाठी वेगळे कष्ट पडत नसत.

बिल्ल्यांचा नाद लागला तो भंगारातूनच. आमच्या भागातली पुष्कळ माणसं दुसऱ्या महायुद्धात पलटणीत गेली होती. एकोणीसशे नव्वदच्या पुढं ती एकेक करून जाऊ लागली आणि त्यांच्या ट्रंकेतलं सामान पोरं चेंबलेल्या तांब्यांबरोबर तराजूत टाकू लागली. बक्कल, पाण्याच्या बाटल्या, टोपीवरचे बिल्ले. असाच एक बिल्ला मी भट्टीत टाकणार, तर त्याच्या मागच्या कडीत खाकी दोरा अडकलेला दिसला. पितळ मी ढिगानं वितळवलं होतं. तो दोरा जाळायला मात्र मन होईना. बिल्ला गल्ल्यात ठेवला. मग दुसरा आला, तिसरा आला, आणि एक दिवस मी स्वतःला संग्राहक म्हणवून घेऊ लागलो.

गुरुजींनी ज्याचा शिरा केला तो बिल्ला मी पुण्यातल्या एका व्यापाऱ्याकडून आणला होता. दीड तास घासाघीस करून निम्म्या भावात. भाव पाडण्याच्या आनंदात माल बघायचा राहिला. खरा बिल्ला पत्र्यावर ठसा मारून करतात, त्यामुळं पुढं जे उठावदार असतं तेच मागं खोलगट दिसतं. नकली करणारे साच्यात पितळ ओततात. त्याची पाठ सपाट निघते आणि बोटाला बारीक दाणे लागतात. हा तो रवा.

त्या दिवसापासून मी हट्टानं शिकलो. खऱ्याची कड पातळ आणि साफ, नकलीची जाड आणि गोलसर. खऱ्याच्या कड्या मापातल्या, नकलीच्या कुठंही डाग देऊन चिकटवलेल्या. जुना दिसावा म्हणून लोक बिल्ला धुरावर धरतात, मिठाच्या पाण्यात टाकतात, उकिरड्यात पुरतात. एकदा एका फिरत्या विक्रेत्यानं मला बर्म्याच्या आघाडीवरचे म्हणून सहा काळेकुट्ट बिल्ले दाखवले. मी एक नाकाला लावला आणि विचारलं, "म्हैस कितव्या पलटणीत होती?" तो बिल्ले गोळा करून जो गेला, तो परत बारामतीत दिसला नाही.

दोन नियम मी पक्के केले होते. पहिला, आधी पाठ बघायची. दुसरा, लखलखतं ते नकली, कारण जत्रेत विकायला येणारा माल हटकून चकचकीत असे. यातला दुसरा माझा स्वतःचा. पहिला गुरुजींच्या अंगठ्यानं शिकवलेला, म्हणून तो पाळताना मला दर वेळी शिरा आठवे. पुढं पुढं मी तो फारसा पाळेनासा झालो.

जानेवारीत दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं, की कऱ्हाटीला एका आजींकडं बर्म्याच्या लढाईतला बिल्ला आहे. सव्वीस तारखेला इंदापूरचं प्रदर्शन होतं. त्या हॉलमध्ये, त्याच टेबलावर, गुरुजींची बोलती बंद होईल असा बिल्ला ठेवायचा, या एका विचारानं मी मोटारसायकलला किक मारली. कारखान्याला निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागं धूळ खात गेलो, त्यामुळं पोचेपर्यंत डोकं तापलेलंच होतं.

घर नीटनेटकं, सिमेंटचं. मुलगा बँकेत, सून शाळेत शिक्षिका. आजी पांढऱ्या लुगड्यात खाटेवर बसलेल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली पलटणीच्या पोशाखातला आजोबांचा फोटो, आणि फोटोखाली निळ्या कापडाच्या पट्टीवर शिवलेला बिल्ला.

तो बिल्ला आरशासारखा लखलखत होता.

"आजी, हा कुठनं घेतला?" मी म्हणालो.

"घ्यायचा कुठनं? मालकांच्या टोपीवर हुता."

"टोपीवरचा असा नसतो. याच्यावर अक्षरं कुठायत? नुसता गुळगुळीत. आणि पन्नास-साठ वर्षांचं पितळ असं चमकतं होय? नकली आहे हा. आता आलोच आहे तर नेतो, पितळेच्या भावात."

यात निम्मा धंद्याचा रिवाज होता आणि निम्मं माझं खरं मत. कुठलं निम्मं कुठं संपतं हे मलाही सांगता आलं नसतं. सून चहा घेऊन बाहेर येत होती. आजींनी नुसता हात वर केला. चहा आल्या पावली आत गेला.

"काय म्हन्लास? परत म्हन. आळीला ऐकू जाऊ दे."

मला कुणी आव्हान दिलं की माझा आवाज आपोआप चढतो. मी परत म्हणालो. आळीला ऐकू गेलं. शेजारच्या चार बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुला ह्यातलं लई कळतं व्हय?"

"जिल्ह्यात माझ्याइतकं कुणाला कळत नाही!"

"कुनालाच न्हाय?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मनात सलणारं माणूस सगळ्यात आधी तोंडावर येतं. "इंदापूरला एक गुरुजी आहेत," मी म्हणालो. "पण ते—"

"मग त्येंनला दावते," आजी म्हणाल्या. "खोटा निघाला तर माझ्या हातानं तुझ्या तराजूत टाकीन. खरा निघाला तर तू हितं यायचं, ह्याच उंबऱ्यावर हुभं ऱ्हायचं आन् आळीदेखत सांगायचं, माझा मालक खरा हुता म्हनून."

"मी बिल्ल्याबद्दल बोलत होतो, आजी."

"मी मालकाबद्दल बोलतीया."

दारातली एक बाई दुसरीला म्हणत होती, "म्हंजी तात्या लढाईला गेलंच नव्हतं का काय?" ते आजींनीही ऐकलं आणि मीही ऐकलं. मी मोटारसायकल ढकलत आळीच्या बाहेर नेली आणि मग सुरू केली.

सव्वीस तारखेला मी माझे अकरा बिल्ले काचेच्या पेटीत मांडून बसलो होतो. झेंडावंदन होऊन हॉल भरला. आजी खरोखर आल्या, चार बायकांना घेऊन, बारामतीला एसटी बदलून. सरळ गुरुजींच्या टेबलासमोर जाऊन त्यांनी निळी पट्टी ठेवली.

"गुरुजी, ह्यो खरा का खोटा, येवढं सांगा. त्ये तितं बसल्यालं शेठ खोटा म्हनत्यात."

गुरुजींनी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. मी मान वाकडी करून त्यांच्या तोंडाकडं पाहत होतो.

"अक्षरं नाहीत," गुरुजी म्हणाले. "चकाकी नवी आहे. बाई, वाईट वाटून घेऊ नका, पण हा जत्रेतला माल दिसतो." मग त्यांनी मान वर करून हॉलभर ऐकू जाईल असं विचारलं, "काय शेठ? तुमचंही हेच मत ना? बरोबर ओळखलंत."

मी वर्षानुवर्षं ज्याची वाट पाहिली होती ते झालं होतं. त्याच हॉलमध्ये, तितक्याच माणसांसमोर, गुरुजी मला बरोबर म्हणत होते. नुसतं 'होय' म्हणायचा अवकाश होता. मी उठून टेबलापाशी गेलो, ते 'होय' जवळून म्हणावं म्हणून. आणि पट्टीकडं नजर गेली.

बिल्ल्याच्या भोवतीनं निळ्या कापडावर एक काळपट हिरवं कडं होतं. कऱ्हाटीला ते मला मळ वाटलं होतं.

"आजी, हा डाग कशाचा?"

"चिंचंचा आन् राखंचा. दुसरा कशाचा आसंल? पलटणीत रोज घासाय लागायचा, न्हाय घासला तर शिक्षा. घरी आल्यावर मालक दर रविवारी घासायचे. त्ये गेल्यापास्नं मी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या दिशी घासते. मळका बिल्ला घिऊन काय मिरवनुकीत जायाचं?"

माझ्या दुकानात रोज अशी घागर येते, जिच्यावरचं लग्नातलं नाव घासून घासून पुसलेलं असतं. ती जुनी आहे हे मला हातात न घेता कळतं. बिल्ला पितळेचाच, आणि आपल्याकडं पितळ दिसलं की बाईमाणूस ते घासल्याशिवाय ठेवत नाही, हे भंगारात आयुष्य काढलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि पाठ? पाठ मी पाहिलीच नव्हती. गुरुजींनीही नाही. ती पट्टीला शिवलेली होती.

"आजी, टाके उसवावे लागतील."

त्यांनी पट्टी छातीशी धरली. "मालकांच्या हातची शिवन हाय ती."

"असू द्या हो," गुरुजी म्हणाले. "कशाला उगाच?"

आजींनी एकदा गुरुजींकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. तात्या लढाईला गेले नव्हते का, असं विचारणारी बाई त्यांच्या शेजारीच उभी होती. त्यांनी पट्टी तोंडाशी नेली आणि कडेच्या दातांनी एकेक टाका तोडला.

मी बिल्ला उलटा केला. पाठ काळी होती, तिला पन्नास-साठ वर्षांत कुणाचं बोट लागलं नव्हतं. आणि पुढं जे जे झिजून गेलं होतं ते सगळं मागं खोलगट, जसंच्या तसं. खाली पलटणीची इंग्रजी अक्षरंसुद्धा होती, उलटी.

"आरसा आणा," गुरुजी हळूच म्हणाले.

शाळेत आरसा निघाला नाही. शेवटी सगळा हॉल उठून रस्त्यावर आला आणि माझ्या मोटारसायकलच्या आरशासमोर रांग लागली. मी बिल्ला धरून उभा, गुरुजी गुडघ्यावर हात ठेवून वाकलेले. त्यांनी पलटणीचं नाव एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं.

"बरमा म्हनून लिवलंय का?" आजींनी विचारलं.

"पलटणीचं नाव आहे, बाई. बिल्ला खरा आहे."

आता मला राहवेना. "गुरुजी चुकले!" मी ओरडलो. "ऐकलंत का सगळ्यांनी? इंदापूरचे गुरुजी चुकले!"

"आन् तू?" आजी म्हणाल्या.

सगळं हसलं. दुसऱ्यांदा, त्याच शाळेत. फरक एवढाच की या वेळी हसू हॉलमध्ये न मावता रस्त्यावर आलं होतं.

"मी पण चुकलो," मी म्हणालो. हे वाक्य मी धंद्यात कधी वापरलं नव्हतं, त्यामुळं ते जरा अडखळत आलं. गुरुजी रुमालानं भिंग पुसत होते. "मी पाठ बघणारच होतो," ते म्हणाले. अजूनही भेटले की हेच म्हणतात. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

रविवारी कऱ्हाटीला गेलो आणि उंबऱ्यावर उभा राहिलो. आळी जमली होती. "आजींचे मालक खरे होते," मी म्हणालो.

"मोठ्यानं, शेठ!" मागून एक बाई ओरडली. "त्या दिशी कसं ऐकाय आलं?"

मी मोठ्यानं म्हणालो. या वेळी चहा बाहेर आला, कपाबरोबर बिस्किटंही. चहा पिता पिता मी सहज म्हणून विचारलं, की द्यायचा झालाच तर काय अपेक्षा आहे. आजींनी बशी खाली ठेवली. "पितळंचा भाव काय चाललाय सध्या?" त्या म्हणाल्या, आणि सून तोंडाला पदर लावून आत पळाली.

जयंतीच्या आदल्या दिवशी त्यांचा निरोप आला, बोटं दुखतात म्हणून. गेलो तर पाटावर वाटीत भिजवलेली चिंच, शेजारी राख, आणि मधोमध बिल्ला. तो त्यांनी अजून पट्टीला शिवला नव्हता.

"आजी, खरा बिल्ला कुणी घासत नाही," मी कळवळून सांगितलं. "उरलंसुरलं सगळं जाईल."

"मागनं हाय की समदं," आजी म्हणाल्या. "तू फुडनं घास."

मी बाह्या वर केल्या आणि चिंचेत बोटं घातली.