ज्योतीरामांचा टॉवर

आमचे ज्योतीराम परभणीहून आले आणि थेट वाकडच्या चकचकीत टॉवरमध्ये राहायला लागले. म्हणजे पार्किंगमध्ये, पंपाशेजारच्या खोलीत, वॉचमन म्हणून. पत्ता मात्र ऐटीत सांगायचे. हर्निया असह्य झाला तेव्हा धर्मादाय हॉस्पिटलात गेले. तिथं गरिबांसाठी खाटा राखीव असतात, कायदाच आहे. काउंटरवरच्या मॅडम पत्ता वाचून हसल्याच. "काका, टॉवरमध्ये राहता आणि गरिबाच्या खाटेवर डोळा?" धर्माची केवढी ती काळजी! समोरच्या वॉर्डात, दारातूनच दिसणाऱ्या राखीव खाटेवर टॉवरमधलेच बाराव्या मजल्यावरचे साहेब पहुडले होते, गावाकडचं पिवळं रेशनकार्ड दाखवून. ज्योतीरामांनी एका हातानं पोट धरलं, दुसऱ्यानं सवयीनं सलाम ठोकला. साहेब दचकले.

"अरे, मग गेटवर कोण आहे?"