वर्गातली दुसरी मुलगी

शाळेसाठी गाव सोडून आलेल्या माणसांकडे किस्से फार साठतात. त्याला कारण आहे. आपल्या गावात माणूस काय करणार ते सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. परक्या ठिकाणी बिऱ्हाड थाटलं की साधं सरपण आणायला गेलं तरी काहीतरी घडतं.

अलिबागला आमची अशीच एक ओळ होती. एका छपराखाली खोल्याच खोल्या, पुढे सामाईक पडवी, मागे विहीर. इंग्रजी शाळा जवळ, म्हणून आसपासच्या गावांतल्या बायका मुलांना घेऊन तिथे येऊन राहायच्या. पुरुष वाडी सांभाळायला गावात, नाहीतर नोकरीला मुंबईत. त्यामुळे ओळीत बायकांचंच राज्य. कुणाला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. जी ज्या गावची, ते तिचं नाव. माझी आई चौलवाली आणि शेजारच्या खोलीतली ती मांडव्याची मावशी.

ही तीसच्या सालाच्या जरा मागेपुढची गोष्ट. त्या ओळीतली आम्ही दोघं-तिघं अजून कधी भेटलो की तब्येतीची चौकशी बाजूला राहते आणि किस्से सुरू होतात. बहुतेकांत मी आहे, पण नुसती बसलेली आहे. जे काही केलं ते दुसऱ्यांनी.

*

चौलला आमची नारळी-सुपारीची वाडी. मराठी चौथीपर्यंत शाळा गावात होती. पुढे इंग्रजी शिकायचं तर बाहेर पडायला हवं. माझ्या भावाला पाठवायचं हे ठरलेलंच होतं, फक्त कुठे ते ठरायचं होतं. त्यात एक दिवस आईने मधेच विचारलं, "आणि गोदी?"

गोदी म्हणजे मी. चौथीत मी पहिली आले होते, पण आईशिवाय ते कुणाच्या ध्यानात नव्हतं.

नाना, म्हणजे माझे वडील, जेवत होते. ते तसे कडक नव्हते. त्यांना लोकांची भीती वाटायची, आणि त्या भीतीला ते शिस्त म्हणायचे. बराच वेळ भात कालवत बसले आणि म्हणाले, "इंग्रजी शाळा पोरांची. तितं एकटी पोर बसवणार न्हाय. वर्गात दुसरी मुलगी असंल, तर जाऊ दे."

त्यांना वाटलं, विषय मिटला. आई म्हणाली, "शब्द दिलात हां," आणि ताक वाढलं.

इतर लोक शाळा बघून गाव ठरवतात तेव्हा मास्तर कसे आहेत, मॅट्रिकला पोरं पास होतात का, असलं काहीबाही विचारतात. आम्हाला असं गाव शोधायचं होतं, जिथे एक मुलगी आधीच बाकावर बसलेली असेल.

*

पहिल्यांदा आई पेणला गेली. तिथे माझे मामा राहायचे. घर मोठं, राहायची सोय आयती. इंग्रजी शाळेचे हेडमास्तर भले गृहस्थ. त्यांनी आईला खुर्ची दिली. ती बसली नाही, पण दिली.

"मुलगी घ्यायला माझी ना नाही," ते म्हणाले. "पण सध्या आमच्याकडे एकही नाही. दुसरी कुणी आली की तुम्हाला कळवतो."

आईने विचारलं, "आनि ती दुसरी आली, की तिला काय सांगाल?"

हेडमास्तर जरा विचारात पडले. "हेच सांगेन," म्हणाले.

परत येताना मामांनी आईची समजूत घातली. भाच्याला इथे ठेव, मुलीचं पुढे बघू. आई म्हणाली, "पुढं म्हंजे माझ्या वयाला?" आईला सहीपुरतंही लिहिता येत नव्हतं.

*

मग मुरुड. खाडी ओलांडून जायचं, पलीकडे संस्थानचा मुलूख. तिथले एक म्हातारे मुसलमान व्यापारी आमचे नारळ घ्यायचे. त्यांची नात माझ्याच वयाची, घरीच शिकत होती. आजोबांना तिला शाळेत घालायची फार हौस, पण घरातून विरोध. आई भेटली तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, "बेटी, तुमची पोर येणार असेल, तर माझी नात उद्यापासून जाईल. मग घरात कोण काय बोलतो ते मी बघतो."

आई धावत घरी आली. नाना म्हणाले, "आधी त्यांची बसू दे. मग आपली."

निरोप नारळांच्या होडीतून गेला. उत्तरही होडीतूनच आलं. त्यांच्या घरच्यांचं म्हणणं पडलं की आधी तुमची बसू दे. होडीवाला बिचारा नारळ कमी आणि निरोप जास्त वाहत होता.

तेवढ्यात जून उजाडला आणि शाळा सुरू झाली. तिकडे ती पडद्याआड, इकडे मी वाडीत सुपाऱ्या सोलत. भावाचंही ते वर्ष गेलं, कारण आई अडून बसली होती की जातील तर दोघं जातील. त्याला त्याचं काही वाईट वाटलं नाही. मला वाटलं. त्या मुलीला मी कधी पाहिलंही नाही. तिचं नाव जुबेदा होतं, एवढं मला माहीत आहे.

*

पुढच्या वर्षी आई अलिबागला त्या ओळीतली खोली बघायला गेली. विहिरीवर एक बाई भेटली. कडेवर लहान मुलगा, मागे परकर-पोलक्यातली मुलगी. तीही मांडव्याहून खोली बघायलाच आली होती. नवरा मुंबईला बंदरात कामाला. त्याने निघताना बजावलं होतं, पोरगी एकटी बसणार असेल तर शाळेचं नाव काढायचं नाही.

"आमच्यातबी तेच," आई म्हणाली.

मग मांडव्याची मावशी म्हणाली, "मंग आपन खोटं बोलू."

त्या आठवड्यात आईने नानांना सांगितलं, अलिबागला मांडव्याची एक मुलगी वर्गात आहे. मावशीने मुंबईला निरोप धाडला, अलिबागला चौलची एक मुलगी वर्गात आहे. दोघींनी शाळेची पायरीसुद्धा पाहिली नव्हती.

जूनमध्ये मी आणि मावशीची द्वारकी एकदमच वर्गात शिरलो. दोघींच्या आयांचं खोटं एकाच घंटेला खरं झालं.

*

वर्गात शिरलो म्हणजे कसं, तेही ऐका. घंटा होईपर्यंत आम्ही इथल्या हेडमास्तरांच्या खोलीत बसायचं, आमचा वर्ग तेच घ्यायचे. ते निघाले की त्यांच्या मागून जायचं, तास संपला की मुलांच्या आधी बाहेर पडायचं. आमचा बाक त्यांच्या टेबलाला लागून, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. मान वळवली तर फळ्याचा कोपरा दिसायचा, तोही त्या बाजूला बसणारीला. म्हणून आम्ही एक दिवसाआड जागा बदलायचो.

हिंदुस्थानचा नकाशा मागच्या भिंतीवर. तो बघायचा तर मुलांकडे तोंड करायला हवं, आणि ते तर करायचं नव्हतं. सगळा भूगोल आम्ही कानांनी शिकलो. द्वारकी म्हणायची, "गंगा कुठून निघून कुठं जाते ते मला पाठ हाय. दिसते कशी, ते न्हाय ठावं."

आम्हाला त्याचं काही दुःख नव्हतं. बाक होता आणि त्यावर आम्ही दोघी होतो.

*

नाना बाजाराच्या निमित्ताने अलिबागला यायचे. आले की आधी खोलीवर नाही, शाळेकडे. रस्त्यावरून खिडकीतून बघायचे, दोन वेण्या दिसल्या की मग खोलीवर येऊन चहा घ्यायचे. ओळीतल्या बायका म्हणायच्या, "चौलवाली, तुजा मालक आला गं शिरगणती करून."

पण हसण्यावारी न्यायची ती गोष्ट नव्हती. एकदा द्वारकीला ताप आला. ती घरी, म्हणजे मीही घरी. मी ठणठणीत असून अंथरुणावर पडून राहायची, कारण धडधाकट पोर पडवीत दिसली तर लोक विचारतील. मावशी दोन वाट्या काढा करायची. एक तिच्या लेकीला, एक मला.

"मला कशाला?" मी तोंड वेडंवाकडं केलं.

"तुजी शाळा हिच्या अंगावर हाय आनि हिची तुज्या," मावशी म्हणाली. "पी."

मी प्यायले. तो काढा फार कडू होता.

*

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा, चैत्रात, द्वारकीचे वडील बोटीने आले. पडवीत बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, जमवलंय. मुलगा मुंबईला मिलमध्ये, घर चांगलं. वैशाखातली तिथी धरलीय.

मावशी एवढंच म्हणाली, "परीक्षा होऊ दे."

"परीक्षा आता सासू घेईल," ते म्हणाले. पडवीतल्या दोघी-तिघी हसल्या.

परीक्षा झाली, लग्नही झालं. विहिरीवर उभी राहून बेधडक खोटं बोलायचं ठरवणारी मावशी त्या महिनाभरात एक शब्द बोलली नाही. मला तिचं नवल वाटलं आणि रागही आला. आता वाटतं, बोलून काही होणार नव्हतं हे तिला माझ्या आधी कळलं होतं.

मांडव्याच्या धक्क्यावर आम्ही सगळे पोचवायला गेलो. हातभर हिरवा चुडा घातलेली द्वारकी बोटीत चढताना माझ्या कानाशी आली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "आता रोज फळ्याकडची जागा तुजी." बोट दिसेनाशी होईपर्यंत मी उभी होते. इतकं एकटं मला पुन्हा क्वचितच वाटलं असेल.

धाकट्याला बिगरीत घालायचं म्हणून मावशीने अलिबागची खोली ठेवली होती. द्वारकीचा निकाल लागला तेव्हा ती शाळेत गेली. हेडमास्तर म्हणाले, "पास आहे. चांगली पास आहे." मावशीने मान हलवली आणि खोलीवर येऊन धाकट्या मुलाला जेवायला वाढलं.

*

सगळा मे महिना आई दारोदार हिंडली. वकिलांकडे, पोस्टमास्तरांकडे, सोनाराकडे, जिथे म्हणून माझ्या वयाची मुलगी होती तिथे. कुणी चहा दिला, कुणी आंबे दिले, मुलगी कुणी दिली नाही. पुढल्या वर्षी बघू, म्हणाले.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी नाना गाडी घेऊन आले. भाऊ इथेच राहणार होता, मला चौलला न्यायचं होतं. ते काही ओरडले नाहीत. उलट त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. "मी शब्द मोडला न्हाय," म्हणाले. "दुसरी होती तोवर बसवली." आई माझे कपडे बांधत बसली. मला नानांचा राग आला होता. अजून कधी आठवलं की येतो.

सकाळी नाना म्हणाले, "चल, हेडमास्तरांना सांगून येऊ. न सांगता नेनं बरं दिसत न्हाय."

आम्ही पोचेपर्यंत घंटा होऊन गेली होती. हेडमास्तर खोलीत नव्हते, म्हणून वर्गाकडे गेलो. एरवी लांबून गलका ऐकू यायचा. त्या दिवशी सगळा वर्ग चिडीचूप.

आमच्या बाकावर मांडव्याची मावशी बसली होती. धुवट नऊवारी, डोक्यावर पदर, दोन्ही हात मांडीवर. बाकाच्या एका टोकाला सरकून बसली होती, शेजारी एका माणसाची जागा सोडून. हेडमास्तर हातात खडू घेऊन टेबलाशी उभे होते.

नाना उंबऱ्यावर थांबले. "वैनी, तुमी हितं काय करताय?"

"वर्गात दुसरी मुलगी पायजे म्हनालात ना," मावशी म्हणाली. "बसलीय."

"अवो, पन तुमी..."

"मीबी कुनाची तरी मुलगीच हाय. मोजा, नाना. दोघी हाव." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ये गं गोदे. तास खोळंबलाय."

मी आत गेले आणि बसले. नाना दारातच उभे होते. हेडमास्तरांनी फळा पुसला आणि वर तारीख घातली.