साडूच्या गाडीचे पाटे

माझा साडू घाटंजीला राहतो, मी दारव्ह्याला. त्याची बायको थोरली बहीण, माझी धाकटी. धंदा दोघांचा एकच: मंडप-डेकोरेशन आणि लग्नाकार्याला जनरेटर पुरवणं. पिकअपसुद्धा दोघांनी एकाच वर्षी घेतली, एकाच कंपनीची, एकाच पांढऱ्या रंगाची. एवढं सगळं सारखं असलं की माणूस फरक शोधत बसतो. आमच्यातला फरक मात्र शोधावा लागत नव्हता. जनरेटरची ट्रॉली जोडली की माझी गाडी मागून बसायची, तोंड वर आणि शेपूट खाली. स्टिअरिंग हातात हलकं लागायचं, पुढची चाकं जमिनीवर आहेत की नाहीत असं वाटायचं. त्याची गाडी तसलीच ट्रॉली ओढून यायची आणि सासऱ्यांच्या अंगणात सरळ रेषेत उभी राहायची.

"जवाईबापू, तुमची गाडी थकल्यावानी काहून दिसते?" सासऱ्यांनी एकदा विचारलं. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण त्या दिवशीचं जेवण मला गोड लागलं नाही.

मग मेहुण्याचा साखरपुडा आला. जनरेटर माझा ठरला होता. सासुरवाडीच्या वेशीवर एक उंच गतिरोधक आहे. गाडी मागून इतकी बसलेली की ट्रॉली जोडायचा हूक त्यावर घासला, अडकला आणि वाकला. ट्रॉली तिथंच रस्त्यात आडवी. गावातली लाइन सकाळपासूनच गेलेली, पाहुणे घामाघूम झालेले. सासऱ्यांनी साडूला फोन लावला. तो पाहुणा म्हणून निघालाच होता. अर्ध्या वाटेवरून परत घरी फिरला आणि आपली ट्रॉली जोडून आला. पंखे सुरू झाले तेव्हा बायांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसा काही त्यानं वाराच आणला. मी कोपऱ्यात वाकलेला हूक घेऊन उभा होतो.

आठ दिवसांनी बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "लग्नाले बाबा भाऊजींचाच जनरेटर सांगून राह्यले." माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्याच दिवशी मी लोहाऱ्याला गेलो. तिथं एमआयडीसीच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री आहेत, कमान-पाट्यांचं, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांचं, काम करणारे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. साडूची गाडी त्यांच्याच हातची, हे मला ठाऊक होतं.

"चाचा, घाटंजीवाल्यांच्या गाडीत किती पाटे टाकले?"

"एक. बस, एकच जादा."

"एकानं काय होते? खरं सांगा."

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. "भाऊ, तुमी ट्रॉली घेऊन या. वजन कुठं पडते ते मले पाहू द्या. मंग पाटे."

मला वाटलं, साडूनं यांना तोंड बंद ठेवायला सांगितलंय. एका पाट्यात गाडी अशी उभी राहीलच कशी? मी म्हणालो, "माझ्या गाडीत तीन टाका."

"रिकामी गाडी उधळन, कमरेत बसन तुमच्या."

"बसू द्या."

त्यांनी दोन्ही बाजूंना तीन-तीन पाटे वाढवून दिले. गाडी मागून वीतभर उचलली गेली. मी ती चारी बाजूंनी पाहिली, पुन्हा पुन्हा पाहिली. आता सासऱ्यांना दाखवतोच, असं मनात म्हणत घरी आलो.

लग्नाला जनरेटर न्यायचा नव्हता, म्हणून गाडी रिकामीच निघाली. बायकोच्या मांडीवर अनारशांचा डबा होता. प्रत्येक खड्ड्याला मागची चाकं उधळायची आणि आम्ही दोघं सीटवरून उडायचो. एका वळणावर तर गाडीचं ढुंगण बाजूला सरकलं. कसाबसा सांभाळून मी पुढं निघालो. बायकोनं डबा उघडून पाहिला. अनारशांचा भुगा झाला होता.

"ताईच्या गाडीत झोप लागते," ती एवढंच म्हणाली.

लग्न लागलं, पंगती बसल्या. मंडपामागे साडूची पिकअप ट्रॉलीसकट उभी होती, नेहमीसारखी सरळ. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी लग्नातला नवा शर्ट अंगावर असताना खाली मातीत आडवा झालो आणि गाडीखाली शिरलो. पाटे मोजले. पुन्हा मोजले. चाचा खरं बोलले होते. एकच जादा होता.

"सापडलं का?"

साडू वाकून पाहत होता. तो हसला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. तो गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "पाट्यायत काही नाई भाऊ. ट्रॉली पाहा."

त्यानं दाखवलं. त्याचा जनरेटर ट्रॉलीच्या चाकांच्या किंचितच पुढं बसवलेला होता. माझा पार हुकाजवळ होता, आणि त्याच्याही पुढं मी केबलची बंडलं आणि लोखंडी पाइप लादत होतो. सगळा भार माझ्या गाडीच्या शेपटीवर. हे कोणीही पाहिलं असतं. मी दोन वर्षं फक्त त्याच्या गाडीकडे पाहत होतो.

चार दिवसांनी तो न बोलावता दारव्ह्याला आला. आम्ही जनरेटर हातभर मागं घेतला, पाइप चाकांवर आणले. "पार मांगं नको न्यायले, ट्रॉली डुलते," तो म्हणाला. मग दोघं मिळून लोहाऱ्याला गेलो आणि दोन-दोन पाटे काढून घेतले.

गाडी सरळ झाली. पुढच्या महिन्यात सासऱ्यांच्या पुतण्याच्या बाळाच्या बारशाला जनरेटर मीच नेला. सासरे गाडीभोवती फिरून आले आणि म्हणाले, "मोठे जवाई सांगत होते, तुमीच शोधून काढलं म्हणे काय बिघडलं होतं ते."

मी मान हलवली. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण उघडलं तसं मिटलं. साडू समोरच बसून चहा पीत होता. त्यानं वर पाहिलंही नाही. पाटे त्याच्याएवढे झाले, जनरेटर जागेवर आला, गाडी त्याच्यासारखी चालायला लागली. पण असं खोटं कोणासाठी सहज बोलून पुन्हा चहा पीत बसणं मला जमलं नसतं. त्या दिवशी मी त्याच्यावर पूर्वी कधी जळलो नव्हतो इतका जळलो.